मीठ पातेल्यात की ताटात?

एक किलो मिठाचा पुडा आपल्या घरी किती दिवस पुरतो? हा प्रश्न मी गेल्या वर्षभरात अनेक शिक्षक मित्रांना विचारला. साखरेचा आणि तेलाचा हिशोब बहुतेकांना तोंडपाठ होता. मिठाचा कोणालाच सांगता आला नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही सांगता आला नसता. माझा दिवस प्रयोगशाळेत क्षार मिलिग्रॅममध्ये तोलण्यात जातो; पण आपल्याच स्वयंपाकघरात रोज किती मीठ पडते, हे मी कधी मोजले नव्हते.

मोजावे लागले ते वडिलांमुळे. अण्णांचे वय ७४. जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि छत्रपती संभाजीनगरला (म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला) आमच्याकडे राहू लागले. रक्तदाब बऱ्याच वर्षांचा. एका तपासणीत मूत्रपिंडांचे कामही थोडे मंदावल्याचे दिसले. डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली आणि सांगितले, "मीठ कमी करा." किती कमी, हे आम्ही विचारले नाही. 'कमी' म्हणजे 'बंद' असाच अर्थ आईने घेतला. अण्णांची भाजी आणि आमटी वेगळ्या पातेलीत मीठ न घालता शिजू लागली. पापड, लोणचे, चटणी सगळे बंद झाले. आमचे बाकीच्यांचे जेवण मात्र पूर्वीसारखेच चालू होते, त्यांच्याच समोर.

अण्णांनी तक्रार केली नाही. ते फक्त अर्धी भाकरी खाऊन उठू लागले. तीन महिन्यांत चार किलो वजन उतरले. मे महिन्यात, पारा ४२ अंशांवर असताना, एका सकाळी त्यांना आज वार कोणता ते आठवेना आणि पाय लटपटू लागले. रुग्णालयात नेले. रक्तातले सोडियम बरेच खाली गेले होते. लघवी वाढवणारी गोळी, घाम, दिवसभर पाणी आणि पोटात मात्र अन्न नाही, अशा सगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. चार दिवसांनी ते घरी आले. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि निघताना आईला म्हणाले, "मावशी, मी मीठ कमी करायला सांगितलं होतं, जेवण नाही. दिवसाला एकूण पाच ग्रॅम मीठ चालेल. पण ते पोटभर जेवले पाहिजेत."

पाच ग्रॅम मीठ आणि पोटभर जेवण ही दोन्ही एकाच ताटात कशी आणायची? हा प्रश्न आज असंख्य घरांत आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी मीठ शरीरात काय करते आणि जिभेवर काय करते, हे वेगवेगळे समजून घ्यावे लागते.

शरीरातले मीठ

सलाइनची बाटली आपण सर्वांनी पाहिलेली असते. तिच्यात एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ असते. हा आकडा रक्तद्रवातील क्षारांच्या संहतीशी मिळताजुळता आहे. आपले शरीर ही संहती फार काटेकोरपणे सांभाळते. त्यामुळे जास्तीचे ९ ग्रॅम मीठ शरीरात अडकून राहिले, तर संहती कायम ठेवण्यासाठी त्याच्यासोबत साधारण एक लिटर पाणीही अडकते. हे पाणी रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या द्रवात साठते. मग रक्ताचे आकारमान वाढते, दाब वाढतो, पायांवर सूज येते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टर रोज सकाळी वजन करायला का सांगतात, ते यावरून कळेल. एका दिवसात वाढलेले एक किलो म्हणजे चरबी नव्हे, ते पाणी असते.

मिठाचा तोल सांभाळण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. या गाळलेल्या द्रवातले सोडियम मिठाच्या रूपात मोजले तर ते जवळपास दीड किलो भरेल! त्यातला ९९ टक्क्यांहून अधिक भाग पुन्हा रक्तात घेतला जातो आणि आपण खाल्ले असेल साधारण तेवढेच मीठ लघवीवाटे बाहेर टाकले जाते. एवढ्या मोठ्या उलाढालीत थोडीशी चूक झाली तरी ती महागात पडते. थकलेल्या मूत्रपिंडांवरचा भार कमी करायचा तो यासाठी.

मग मीठ बंदच का करू नये? कारण मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन यांना सोडियम लागतेच. अर्थात त्याची गरज आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' या पाहणीत ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या लोकांची लघवी तपासली होती. त्यांत आपल्याकडील दिल्ली आणि लडाख ही ठिकाणेही होती. ॲमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोक जवळजवळ मिठाशिवायच जगतात आणि वयाबरोबर त्यांचा रक्तदाब वाढत नाही, असे त्यात दिसले. आपण यानोमामी नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेली मर्यादा आपल्या आवाक्यातली आहे. ती दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमहून कमी सोडियम, अशी आहे. भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सरासरी सुमारे ८ ग्रॅम मीठ आढळले होते.

आमच्या घरचा आकडा

रुग्णालयातून आल्यावर अण्णांमधला गणिताचा शिक्षक जागा झाला. "पाच ग्रॅम ठीक आहे. पण आपण आधी किती खात होतो?" त्यांनी विचारले. उत्तर कोणाकडेच नव्हते. मग आईने मिठाचा नवा पुडा फोडला त्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण केली. घरात आम्ही चौघे. पुडा २४ दिवसांनी संपला. १००० भागिले २४, भागिले ४ म्हणजे माणशी दिवसाला सुमारे साडेदहा ग्रॅम! त्यातले थोडे उष्ट्यात आणि भांडी धुताना गेले असेल हे खरे. पण बाहेरून आणलेले फरसाण, पाव, बिस्किटे यांतले मीठ यात धरलेलेच नाही, हेही खरे. म्हणजे पथ्य एकट्या अण्णांनाच हवे होते असे नाही.

जिभेवरचे मीठ

मिठाचा खडा जिभेवर विरघळला की सोडियमचे आयन सुटे होतात आणि स्वादकळ्यांतील पेशींमध्ये शिरतात. पेशी तो संदेश मेंदूला पाठवते आणि आपण म्हणतो, 'खारट'. पण खारटपणा देणे एवढेच मिठाचे काम असते, तर त्याच्यावाचून फारसे अडले नसते. मीठ आणखी एक काम गुपचूप करते: ते कडूपणा दाबते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ या शास्त्रज्ञांनी १९९७ साली हे एका साध्या प्रयोगातून दाखवले. त्यांनी कडू आणि गोड पदार्थांच्या मिश्रणात सोडियमचा क्षार घातला. त्याने कडूपणा दबला आणि त्यामुळे गोडवा अधिक जाणवू लागला. मेथी, कारले, वांगे, डाळी यांत कडवट, तुरट अंश असतो. मीठ काढले की तो वर येतो. बिनमिठाची भाजी नुसती 'अळणी' लागत नाही, ती 'वेगळीच' लागते, याचे हे एक कारण आहे.

चवीचा दुसरा मोठा भाग जिभेवर नसतोच. तो नाकात असतो. घास चावताना त्यातले बाष्पनशील पदार्थ घशामागून वर नाकात जातात. सर्दी झाली की जेवण बेचव लागते ते यामुळे. वय वाढते तसे गंधज्ञान मंदावते. काही औषधांनीही चवीत फरक पडतो. म्हणून घरातल्या वृद्ध व्यक्तीने "यात काहीच चव नाही" म्हटले, की आपण मीठ वाढवतो. त्यांना कमी पडत असतो तो बहुधा वास.

वर्गात हे तीन प्रयोग सहज करता येतील.

*प्रयोग १.* नाक घट्ट दाबून चिमूटभर भाजलेले जिरे चावा. मग नाक सोडा. 'जिऱ्याची चव' कुठून आली, ते मुलांना सांगावे लागत नाही.

*प्रयोग २.* मेथीदाणे रात्रभर भिजवून त्याचे पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात अगदी थोडे, पाणी खारट लागणार नाही इतकेच मीठ विरघळवा. कोणते पाणी अधिक कडू लागते?

*प्रयोग ३.* उकडलेला बटाटा कुस्करून त्याचे २०० ग्रॅमचे दोन भाग करा. एका भागात १ ग्रॅम मीठ नीट कालवून मिसळा. दुसऱ्या भागावर तेवढेच मीठ बारीक करून खाण्याआधी वरून भुरभुरवा. कोणता बटाटा जास्त खारट आहे, हे मुलांना डोळे बांधून विचारा.

तिसऱ्या प्रयोगात मीठ दोन्हीकडे सारखेच आहे. तरीही बहुतेकांना दुसरा बटाटा खारट लागतो. आमच्या घरचा प्रश्न याच प्रयोगाने सोडवला.

पातेल्यातून ताटात

जीभ फक्त तिला भेटणारे, विरघळलेले मीठ ओळखते. भाजीच्या आत मुरलेले बरेचसे मीठ जिभेला न भेटताच पोटात जाते. चव द्यायची राहते, पण शरीरावरचा भार मात्र टळत नाही. तेच मीठ घासाच्या पृष्ठभागावर असेल तर थोडक्यात काम भागते.

पण मीठ ताटात दिले तर माणूस वरून भरपूर घालून घेणार नाही का? हीच शंका आईलाही आली. तिचे उत्तर १९८७ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात मिळते. त्यात लोकांच्या शिजवलेल्या अन्नातले सोडियम निम्म्यावर आणले आणि मिठाची बाटली हवी तेवढी वापरायची मोकळीक दिली. कमी केलेल्या सोडियमपैकी जेमतेम पाचवा हिस्सा लोकांनी वरून भरून काढला. म्हणजे मीठ पातेल्यातून काढून हातात दिले, तर एकूण मीठ कमी होते आणि माणसाला आपल्या जेवणावरचा हक्कही राहतो.

आपल्या पानाच्या वाढणीत ही सोय पूर्वीपासून आहे. पानाच्या वरच्या कडेला आधी मीठ वाढायचे, मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. आज स्वयंपाकातही चवीपुरते मीठ पडते आणि पानातही वाढले जाते. आम्ही फक्त पहिले काढले आणि दुसरे मोजून ठेवले.

अण्णांसाठी एक छोटी डबी आणली. रोज सकाळी ते स्वतः काट्यावर ४ ग्रॅम मीठ तोलून तिच्यात भरतात. उरलेला १ ग्रॅम दूध, डाळी, भाज्या यांत मुळातच असलेल्या सोडियमसाठी आणि एखाद्या बिस्किटासाठी राखून ठेवतात. नाश्त्याला १ ग्रॅम, दुपारी दीड, रात्री दीड. घरी बारीक काटा नसेल तर सोपा उपाय आहे. किराणा दुकानातून नीट तोललेले १०० ग्रॅम मीठ आणा आणि ते एका लहान चमच्याने सपाट भरून मोजा. चमचे ५० भरले, तर तुमचा चमचा २ ग्रॅमचा. हाही वर्गात करण्याजोगा प्रयोग आहे.

मराठवाड्याचे स्वयंपाकघर

या कामी आपले रोजचे जेवण आपल्या बाजूने आहे. ज्वारीच्या भाकरीत मीठ नसते. पावात, नानात ते असते. पोळीच्या कणकेत आणि भातात मीठ घालायची सवय असेल, तर ती आधी सोडावी. आमटी-भाजीबरोबर खाताना त्याची उणीव जाणवतही नाही.

मिठाची जागा दुसरा कोणताच पदार्थ पूर्णपणे घेत नाही. पण चवीची बाकीची दारे उघडता येतात. आम्हाला उपयोगी पडलेली ही काही:

*आंबट.* लिंबू, चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक. थोडा आंबटपणा असला की कमी मीठही पुरेसे वाटते. औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत अंबाडीची जुडी मिळाली की आमच्याकडे तिची भाजी ज्वारीच्या कण्या घालून होते. वरून लसणाची फोडणी. मूळचा आंबटपणा इतका असतो की डबीतले चिमूटभर मीठ वरून घेतले तरी भागते. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळावे, म्हणजे त्याचा वासही राहतो.

*भाजणे.* अन्न भाजले की त्यातली अमिनो आम्ले आणि शर्करा यांची अभिक्रिया होऊन शेकडो सुगंधी पदार्थ तयार होतात. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले. आपल्या आजीला हे नाव ठाऊक नव्हते. पण धान्ये, डाळी, धणे आणि मसाले खमंग भाजून दळलेले येसर तिच्या डब्यात कायम असे. येसराच्या आमटीला निम्मेच मीठ लागते, हे आम्ही तोलून पाहिले आहे. विस्तवावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, त्यात कच्चा कांदा, कोथिंबीर, भाजलेले दाणे आणि लिंबू, हेही त्याच मार्गाचे.

*वास.* हिंग, जिरे, लसूण, कढीपत्ता यांचे सुगंधी पदार्थ तेलात चांगले विरघळतात आणि उकळताना उडून जातात. म्हणून वरण आधी शिजवून घ्यावे आणि फोडणी पानात वाढायच्या आधी वरून द्यावी. ताकात मीठ न घालता भाजलेल्या जिऱ्याची पूड, आले आणि कोथिंबीर घातली, तर पहिले दोन दिवस चुकल्यासारखे वाटते, नंतर नाही.

*तिखट.* मिरचीचा झणका ही चव नव्हे. उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना मिरचीतले कॅप्सेसिन फसवते. त्यातून जेवणाला धार येते. पण इथे सावध राहावे. ठेच्यात, जवसाच्या आणि कारळ्याच्या चटणीत आपण सवयीने भरपूर मीठ घालतो. चटणी बिनमिठाचीच कुटून ठेवावी, आमचूर आणि लसूण थोडा वाढवावा आणि आपल्या वाट्याचे मीठ पानात घ्यावे.

पालेभाजीबाबत आणखी एक गोष्ट. कच्च्या भाजीचा ढीग पाहून मीठ घातले आणि भाजी शिजून मूठभर झाली, की ती खारट होते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. तेव्हा पालेभाजीत मीठ नेहमी शेवटी.

लपलेले मीठ

मिठातला फक्त ३९ टक्के भाग सोडियम असतो. पाकिटावर 'सोडियम' असे लिहून मिलिग्रॅममध्ये आकडा दिलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झाले. म्हणजे अण्णांच्या डबीतले निम्मे!

जीभ ज्याला खारट म्हणत नाही त्यातही सोडियम असते. खाण्याच्या सोड्यात ते २७ टक्के असते. पापडखार म्हणजे मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. म्हणून पापडाला मीठ कमी घातले तरी सोडियम उरतेच. लोणच्यात मीठ चवीसाठी कमी आणि टिकवण्यासाठी जास्त असते. ते पाणी ओढून घेऊन जंतूंची वाढ रोखते. तेव्हा मीठ कमी करून बरणीतले लोणचे टिकणार नाही. त्याऐवजी लिंबाचा रस आणि मोहरीची पूड लावून चार दिवसांपुरते ताजे लोणचे करावे आणि फ्रीजमध्ये ठेवावे.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. सैंधव किंवा पादेलोण रक्तदाबाला चालते, असे अनेकजण सांगतात. रंग आणि वास निराळा असला तरी दोन्हींत जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. हिशोबात ते मीठच धरावे. शिवाय साध्या सैंधवात आयोडीन घातलेले नसते. थोडेच मीठ खायचे आहे तर ते आयोडीनयुक्त असावे.

पोटॅशियमचे मीठ: औषध की धोका?

बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते. त्यात काही सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. ते उपयोगी पडते यात शंका नाही. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर केलेला एक मोठा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीच्या पुढचे, रक्तदाब असलेले लोक होते. एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले.

पण या प्रयोगात मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना घेतलेले नव्हते, आणि तेच महत्त्वाचे आहे. मूत्रपिंडे दुबळी असतील, किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधे चालू असतील, तर पोटॅशियम शरीरात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एका हितचिंतकाने अण्णांसाठी असा पुडा आणला होता. डॉक्टरांना विचारले तर त्यांनी स्पष्ट नाही म्हटले. ज्यांना पोटॅशियमचे पथ्य आहे त्यांनी टोमॅटो, चिंच, पालेभाज्या, शहाळ्याचे पाणी यांचे प्रमाणही विचारूनच ठरवावे. वर दिलेली अंबाडीची भाजी एकाला हितकर तर दुसऱ्याला अपायकारक असू शकते. त्याचप्रमाणे उन्हाळ्यात, लघवीची गोळी चालू असताना, आपल्याच मनाने मीठ पूर्ण बंद करू नये. तो धडा आम्ही कसा शिकलो, ते सुरुवातीला सांगितलेच आहे.

जिभेला वेळ आणि माणसाला सोबत

मिठाची आवड बदलता येते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही तरुणांनी पाच महिने कमी मिठाचे जेवण घेतले. हळूहळू त्यांना कमी मिठाचे सूपच चांगले लागू लागले. आधी आवडणारे त्यांना जास्त खारट वाटू लागले. म्हणजे पहिले काही आठवडे कठीण, पुढचे सोपे. म्हणूनच आम्ही एकदम उडी न मारता पातेल्यातले मीठ दर आठवड्याला थोडे थोडे उतरवले.

आणि ते सर्वांचेच उतरवले. या बाबतीत गांधीजींच्या आत्मकथेतला एक प्रसंग आठवतो. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी होत्या. त्यांनी मीठ आणि डाळी सोडाव्यात असा गांधीजींचा आग्रह होता. कस्तुरबा म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हालाही हे सोडता येणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथे दोन्ही पदार्थ वर्षभरासाठी सोडले. मग कस्तुरबांनीही सोडले. पुढे १९३० साली याच माणसाने दांडीला मूठभर मीठ उचलले आणि आपल्याकडे शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. गरिबाच्या मिठावर कर नको, हा आग्रह एकीकडे. आणि आजाऱ्याला एकट्याने अळणी खायला लावायचे नाही, ही जाण दुसरीकडे. त्या आहाराच्या वैद्यकीय बाजूवर मतभेद असू शकतील. पण पथ्य घरातल्या एकाचे नसते, सर्वांचे असते, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

आमच्याकडे वेगळी पातेली बंद झाली. एकच भाजी, एकच आमटी, चौघांच्या पानात मोजके मीठ. अण्णा आता दोन भाकऱ्या खातात. उतरलेल्या चार किलोंपैकी तीन परत आले आहेत. रक्तदाब औषधांसह आटोक्यात आहे. मिठाचा पुडा आता २४ ऐवजी ४५ दिवस पुरतो. माणशी किती ग्रॅम झाले, ते वाचकांनीच काढावे.

आपल्या वर्गातही हे करता येईल. प्रत्येक मुलाने घरी पुडा फोडल्याची आणि संपल्याची तारीख टिपावी आणि माणसे मोजून भागाकार करावा. मग वर्गाची सरासरी काढून ती ५ ग्रॅमशी ताडून पाहावी. कोणत्या घराचा आकडा मोठा, यावर चर्चा नको; तो कशामुळे मोठा, यावर व्हावी. पाहुणे आले होते का, लोणचे घातले होते का, घरी खानावळीचे डबे होतात का, असे प्रश्न मुलेच काढतील. काय आढळले, ते जरूर कळवा.